उत्तर न मागणारा डबा

भिवाजीच्या स्वयंपाकघरात, फळीवर मिठाच्या बरणीला लागून, एक पांढरा प्लॅस्टिकचा डबा होता. त्यात एक बारीक हिरवा दिवा होता. तो मधूनच लागायचा आणि विझायचा. डबा त्याच्या बायकोनं, सुलक्षणानं केला होता. सुलक्षणा गेल्या श्रावणात गेली. डबा चालू राहिला.

सकाळचा चहा झाला की भिवाजी भिंतीला टेकून बसायचा आणि डब्याकडे बघायचा. भात खाचरात उभं होतं तेव्हा ते त्यानं चुलतभावाला वाट्यानं देऊन टाकलं. दोन खोल्या भाड्यानं दिलेल्या होत्या, त्यातला भाडेकरू सोडून गेला, तर नवा बघितला नाही. शेजारून भाकरी यायची. आली तर खायचा. मुलगी जुईली बावधनला नोकरीला होती, तिचा रोज फोन यायचा.

"बाबा, जेवलात?"

"व्हय."

"काय जेवलात?"

मग भिवाजीला सांगता यायचं नाही. खरंच आठवायचं नाही. जुईली 'बरं' म्हणून फोन ठेवायची.

त्याला दुःख होतं असं म्हणावं तर तेही नीट नव्हतं. तो रडला नव्हता. दवाखान्यात नाही, घाटावर नाही, तेराव्यालाही नाही. पाय बधिर झाल्यावर आपण त्याला चिमटा काढतो आणि पाय दुसऱ्याचा असल्यासारखा वाटतो, तसं चाललं होतं. फक्त दिवा लागला की त्याला बरं वाटायचं. म्हणजे बरं नाही, पण आत काहीतरी जागच्या जागी बसल्यासारखं. सुलक्षणानं लिहिलेलं काहीतरी अजून बोलतंय, एवढं त्याला पुरत होतं. दुसरं काही नको होतं.

डबा कशासाठी होता ते सांगायला हवं.

गाव धरणाच्या पाण्याला लागून, आणि वरची वाडी डोंगराच्या सपाटीवर. विहीर आणि पंप खाली, पाण्याची टाकी वर. पूर्वी पंप भिवाजीच चालवायचा. त्याआधी तो लवासात वायरमन होता. कुणी राहायलाच आलं नाही अशा कितीतरी घरांत त्यानं वायरी ओढल्या होत्या. तिकडचं काम थांबल्यावर ग्रामपंचायतीनं त्याला पंपावर ठेवलं. पण टाकी भरली की रिकामी हे खाली कळायचं कसं? वाडीतला धाकलू उतरून सांगायला यायचा. तो यायच्या आत टाकी कोरडी पडलेली असायची, किंवा वरून वाहून अर्धं पाणी डोंगराला गेलेलं असायचं.

मग कुणीतरी एक मशीन बसवून गेलं. त्यात सिमकार्ड होतं. टाकीनं पाण्याची पातळी सांगायची, ती कुठल्यातरी लांबच्या कॉम्प्युटरला जायची, आणि तिथून पंपाला हुकूम यायचा. टाकीपासून पंप डोळ्यांना दिसत होता, तरी निरोप आधी सगळा देश फिरून यायचा. वाडीत रेंज तर ढग बघून यायची. मशीन पंधरवड्यात मुकं झालं.

सुलक्षणा बावधनला एका छोट्या कंपनीत मीटरची सर्किटं करायची. स्कूटीवर जाऊन येऊन करायची. तिनं ते मशीन उघडून बघितलं आणि रात्री भाकरी थापताना भिवाजीला सांगितलं.

"त्याला शहरातली सवय आहे हो. आधी विचारतं, आहेस का? तिकडून येतं, आहे, तू आहेस का? मग हे म्हणतं, हो, मीही आहे. मग कामाचं बोलतं. मग विचारतं, पोचलं का? नाही पोचलं तर पुन्हा सांगतं, पुन्हा विचारतं. इंटरनेटवर असंच करावं लागतं. पण इथं रेंज येते नि जाते. सगळा जन्म हॅलो हॅलो करण्यात जातोय त्याचा. बॅटरी बसणार नाही तर काय?"

"मंग?"

"मग काय. आपल्याला इथल्या इथं बोलायचंय. बोलायचं आणि गप्प बसायचं. ऐकलं त्यानं ऐकलं."

तिनं तीन डबे केले. एक वर टाकीवर, सोलरच्या पाटीसकट. एक खाली पंपाच्या खोलीत. एक स्वयंपाकघरात, तिला स्वतःला बघायला; वरून निरोप आला की त्यातला हिरवा दिवा लागायचा. मध्ये इंटरनेट नाही, सिम नाही, साधा रेडिओ. निरोप केवढा, तर कोण बोलतंय, काय म्हणतंय आणि कितव्यांदा म्हणतंय. संपलं. वरचा डबा थोड्या थोड्या वेळानं पातळी सांगायचा. खाली किती जण ऐकतात, ऐकतात की नाही, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. उत्तर तो मागतच नव्हता, त्यामुळे पावसाळ्यात ऊन नसलं तरी एवढ्याशा बॅटरीवर चालायचा.

सुरुवातीला एक घोटाळा झाला. पंप उगाचच चालू व्हायचा. पलीकडच्या काठावर रिसॉर्ट होतं, तिथल्या कसल्या कसल्या रिमोटचा आवाज या रेडिओत शिरायचा. सुलक्षणा वैतागली. एका रविवारी ती वाडीत धाकलूच्या ओट्यावर डबा उघडून बसली होती. शेजारी धाकलूची आई गोजराबाई तांदूळ निवडत होती. मागच्या रानातून सुनेनं, मोनालीनं हाक मारली. गोजराबाई गप्प. पुन्हा हाक आली. तरी गप्प. तिसऱ्या हाकेला म्हातारीनं "ओ" दिली.

"आजी, ऐकू येत होतं ना? मग ओ का नाही दिली?"

"पैल्या हाकंला ओ द्याची नसती पोरी. रानात काय बी आसतं. ते एकदाच हाक मारतं, लई तर दोनदा. मानूस आसलं की तीनदा मारतं."

सुलक्षणा डबा तसाच टाकून हसत सुटली. त्याच संध्याकाळी तिनं बदल केला. वरच्या डब्यानं प्रत्येक गोष्ट तीनदा सांगायची, आणि खालच्यानं तीच गोष्ट तीनदा ऐकल्याशिवाय हलायचं नाही. त्यानंतर पंप एकदाही उगाच चालू झाला नाही.

वरच्या डब्याला तिनं एक लाल बटणही लावलं होतं. चाचणीपुरतं. ते दाबलं की पातळी काही असो, खाली पंप चालू व्हायचा आणि ठरावीक वेळ चालून आपोआप बंद पडायचा. काम झालं की हे काढून टाकायचंय, असं ती म्हणायची. राहून गेलं. पंप आपला आपण चालायला लागला तसं भिवाजीला तिथं काही काम उरलं नाही. ग्रामपंचायतीनं त्याला कामावरून कमी केलं. तो म्हणाला, बायकोनंच माझी नोकरी खाल्ली, आणि ती म्हणाली, मग आता भात लावा. हे सगळं ती असतानाचं.

शिमग्याच्या आधी एका सकाळी दारात मोटरसायकल थांबली. पाठीला सॅक लावलेला एक तरुण उतरला.

"भिवाजी काका आपणच ना? मी अमोघ. पाणीयोजनेच्या कॉन्ट्रॅक्टरकडे इंजिनिअर आहे. सूसहून आलोय. ग्रामपंचायतीत सांगितलं, पंपाची किल्ली तुमच्याकडे असते."

"हाय."

"आता जिथं जिथं पंप आपोआप चालतो, तिथं सगळीकडे एकाच पद्धतीचं मशीन बसणार आहे. जुनं जे असेल ते काढायचं. मी आज बघून जातो आणि कळवतो, मग माणसं येऊन काढून नेतील."

भिवाजी किल्ली आणायला उठला होता, तो अर्ध्यात थांबला.

"काय काढून नेतील?"

"ते कंट्रोलचे डबे. वरचा, खालचा. इथंही एक आहे म्हणे?"

"ते काढू नको."

बोलल्यावर भिवाजीलाच नवल वाटलं. कितीतरी महिन्यांत त्यानं कुणाकडे काही मागितलं नव्हतं. अमोघनं त्याच्याकडे बघितलं, मग भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे बघितलं.

"काकूंनी केलंय का ते?"

"व्हय."

"स्वतः? प्रोग्रामसकट?" अमोघ फळीपाशी गेला आणि डबा न उचलता चारी बाजूंनी बघू लागला. "काका, खरं सांगतो, काढायचं की ठेवायचं हे माझ्या एकट्याच्या हातात नाही. पण चालू असेल आणि नीट चालत असेल, तर मी साहेबांना तसं सांगू शकतो. चालणारी गोष्ट काढायला कुणाला हौस नसते. आधी तपासू द्या."

"चालतंय. दिवा लागतो की रोज."

"मग झालं तर."

पंपाची खोली विहिरीला लागून होती. अमोघनं खालच्या डब्याला वायर लावून लॅपटॉप मांडीवर घेतला. बराच वेळ तो स्वतःशीच हसत वाचत होता.

"काय लिहिलंय हो. इंटरनेटची ती विचारून-सांगून बोलायची पद्धत, टीसीपी, ती सोडा, साधी यूडीपीसुद्धा वापरलेली नाही. पत्ताबित्ता काही नाही. सरळ रेडिओवर चार-पाच बाइट फेकायचे. आम्ही एवढ्या निरोपाला नुसता पाकिटावरचा पत्ता लिहितो तो याच्या दहापट असतो. आणि हे तीनदा ऐकायचं कुठून सुचलं त्यांना?"

"वाडीतल्या म्हातारीनं सांगितलं."

अमोघला ती थट्टा वाटली. तो पुढं वाचत राहिला आणि हळूहळू त्याचं हसू गेलं.

"काका, यात मागचे निरोप साठवलेले आहेत. टाकीच्या पातळीचा शेवटचा निरोप दिवाळीच्या आधीचा आहे. त्यानंतर एकही नाही."

"आसं कसं? काल दिवा लागला. परवा लागला."

"लागला असेल. पण तो पातळीचा नाही. निरोपाचे दोन प्रकार आहेत बघा, पातळीचा वेगळा, बटणाचा वेगळा. दिवाळीपासून आलेले सगळे बटणाचे आहेत." त्यानं मान वर केली. "वरचा पाणी मोजणारा सेन्सर बंद पडलाय. आणि काकूंनी असं लिहून ठेवलंय की सेन्सर वेडंवाकडं काही सांगायला लागला तर डब्यानं ते खाली कळवायचं नाही, गप्प बसायचं. तो दिवाळीपासून गप्पच आहे. वर कुणीतरी हातानं बटण दाबतंय."

भिवाजी विहिरीकडे बघत राहिला. दिवाळीनंतर दिवा कमी लागायला लागला होता, हे त्याला दिसलं होतं. आधी चहा पिऊन होईस्तोवर दोनदा लागायचा. नंतर अख्खी सकाळ जायची. त्याचा त्यानं काही अर्थ लावला नव्हता. तो फक्त जास्त वेळ बसायला लागला होता.

म्हणजे तो ज्याच्याकडे बघत बसला होता ते सुलक्षणाचं बोलणं नव्हतंच. ते कधीच थांबलं होतं. त्याला काहीतरी वाटायला हवं होतं. त्यानं वाट बघितली. काही वाटलं नाही.

"वर जाऊन बघावं लागेल," अमोघ म्हणाला.

श्रावणापासून भिवाजी डोंगर चढला नव्हता. पायवाट कारवीतून जात होती. त्याला धाप लागली. अमोघ दोनदा थांबला, दोन्ही वेळा बुटाची नाडी बांधायचं निमित्त करून.

टाकीपाशी मोनाली होती. तिच्या हातात कळकाची लांब काठी होती आणि काठीवर चुन्याचा पट्टा. काठी टाकीत बुडवून, किती ओली झाली ते ती बघत होती. भिवाजीला बघून तिनं पदर सारखा केला आणि घराकडे तोंड करून ओरडली, "आत्याबाई! भिवादादा आल्यात!"

गोजराबाई काठी टेकत आली. तिनं भिवाजीला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"आलास का रं? निम्मा ऱ्हायलास की. सदरा कुनाचा घातलास, थोरल्या भावाचा?"

"माजाच हाय."

"मंग आतला मानूस कुटं गेला? बस, बस. मोनाली, पानी आन. आन ह्यो कोन? जुईलीसाटी पावना आनलास का काय?"

अमोघचे कान लाल झाले. "नाही नाही आजी, मी इंजिनिअर आहे. डबा बघायला आलोय."

"मंग बघ की. डबा काय पळून जातोय व्हय?"

डब्यातून निघून टाकीत उतरणारी वायर मधेच कुरतडलेली होती. आतली तांब्याची तार हिरवी पडली होती. भिवाजीनं ती बोटात धरली.

"ही कवा तुटली?"

"दिवाळीच्या आदी," मोनाली म्हणाली. "वांदरं आलती. म्या हाकलली, पर एकानं जाता जाता वायर तोंडात धरलीच. दोन दिस टाकीत पानी न्हाई."

"मला सांगायचं व्हतं. धाकलू रोज खाली येतो. माज्या दारावरनं जातो."

मोनालीनं सासूकडे बघितलं.

"कसं सांगायचं?" गोजराबाई खाली बसत म्हणाली. "तुजं वरीस सरलंय का? वरीस सरल्याबिगर त्या घरच्याला कोन काम सांगतं? आमच्यात न्हाई सांगत. धाकलूला मीच तंबी दिलीवती, त्याच्या म्होरं पान्याचं नाव काडायचं न्हाई."

"आन बटन दाबलं ते?"

"ते काय काम सांगनं झालं व्हय? नुस्तं बटन दाबलं. तोंडातनं एक सबूद काडला न्हाई."

मोनाली तोंडाला पदर लावून हसली. म्हातारीही हसली, पण लगेच गंभीर झाली.

"तिनंच सांगून ठेवलं व्हतं मला. आजी, कदी पानी न्हाई आलं तर हे लाल बटन दाबा, खाली कळतं. मला काय, आटवन व्हती. वायर तुटली म्हंजे पंप आपला आपन चालायचा न्हाई, खाली तूच हातानं चालू करनार. पर भ्या वाटत व्हतं. जुईली आलती वर, मला भेटाया. लई रडली. म्हनली, बाबा जाग्यावरनं हालत न्हाईत, कायम बसून ऱ्हात्यात. मी म्हनलं, आता ह्याला कळलं तरी ह्यो काय उठतोय! पर मोनालीला म्हनलं, दाब. बघू तर खरं. दाबलं. आन थोड्या येळानं पायपात घरघर झाली. पानी आलं." तिनं भिवाजीच्या गुडघ्यावर थाप मारली. "मी म्हनलं, उठला गं बाई. उठला आन पंप चालू केला."

भिवाजी तुटलेल्या वायरीचं टोक बोटात फिरवू लागला.

"तवापासनं एक डाव चुकला न्हाईस. बायांनी पाळी लावून घेतलीया. आज मोनालीची, उद्या बाळाबाईची. काटी बुडवायची, चुन्याच्या खाली पानी गेलं का बटन दाबायचं. एकांद्या दिवशी टाकी आर्धी आसती, तरी मी दाबाया लावते."

"ते का?"

"बसून बसून मानसाचं लाकूड व्हतं. तेवडंच उठतुयास, चार पावलं चालतुयास."

"रातचं न्हाई दाबत आमी," मोनाली हळूच म्हणाली. "तुमची झोपमोड नको म्हनून."

अमोघनं तोंड उघडलं. "पण आजी, पंप तर..."

"अमोघ," भिवाजी म्हणाला, "ती वायर बघ. किती तुटलीया बघ."

अमोघ वाकून वायर बघू लागला. ती त्यानं आधीच बघितली होती.

गोजराबाईनं त्यांना चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही. चहात साखर खूप होती. भिवाजीच्या जिभेला ती गोडी जाणवली आणि इतके दिवस चहाला चव नव्हती, हे त्याच्या लक्षात आलं. निघताना म्हातारी म्हणाली, "सावकास जा. आन डबा दुरुस्त केलास तरी बटन तेवडं ऱ्हाऊ दे बाबा. बायांना सवय झालीया."

दोघं उतरायला लागले. कारवी संपून खाचरं लागली तेव्हा अमोघ म्हणाला, "तुम्ही सांगितलं नाही त्यांना. पंप आपोआप चालू होतो म्हणून."

"काय सांगू? उठलोच न्हाई म्हनून सांगू?"

अमोघनं सॅकचा पट्टा खांद्यावर वर ओढला.

भिवाजी चालत राहिला. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. वर बायका बटण दाबत होत्या आणि त्यांना वाटत होतं, खाली भिवाजी उठला. खाली तो दिवा बघत होता आणि त्याला वाटत होतं, वरून सुलक्षणा बोलते. मध्ये ती होती, म्हणजे तिनं लिहिलेलं होतं, आणि ते फक्त पंप चालू करत होतं. आणि इतक्या महिन्यांत, एक माणूस उठतोय असं समजून तिकडं म्हातारी खूश होत होती, तेव्हा तो माणूस भिंतीला टेकून बसलेला होता.

पंपाच्या खोलीपाशी आल्यावर अमोघनं सॅक खाली ठेवली.

"काका, मला वाईट वाटतंय, पण सेन्सर दिवाळीपासून बंद आहे, हे मला कळवावंच लागेल. मी वायर बदलून देईन, दहा मिनिटांचं काम आहे. पण आपोआप चालणारी गोष्ट चार महिने बंद होती आणि कुणाला पत्ता नाही, असं म्हटल्यावर साहेब ती ठेवणार नाहीत. त्यांचं पहिलं म्हणणंच ते आहे, निरोप पोचला की नाही हे दोन्हीकडे कळलं पाहिजे. खोटं मला सांगता येणार नाही."

"सांगू नको खोटं."

भिवाजी दारात उभा राहून आत बघत होता. डब्यातून दोन वायरी निघून पंपाच्या स्टार्टरमध्ये गेल्या होत्या. एक लाल, एक काळी. त्या त्यानंच जोडल्या होत्या. सुलक्षणानं बॅटरी धरली होती आणि तो म्हणाला होता, हात हलवू नको, आणि तिनं मुद्दाम हलवला होता.

"जितं मानूस हातानं पंप चालू करतो," त्यानं विचारलं, "तितलं काय काडता तुमी?"

"तिथं काढायला काही नसतंच. ती गावं आमच्या यादीत नाहीत. पुढं कधीतरी घेतील. का?"

भिवाजीनं खिळ्याला अडकवलेला पेचकस घेतला आणि मेन स्विच खाली ओढला. बोटांना काम आठवत होतं. त्यानं स्टार्टरचं झाकण काढलं, लाल वायरीचा स्क्रू सैल केला, मग काळीचा. दोन्ही वायरी बाहेर ओढल्या, टोकं वेगवेगळी चिकटपट्टीनं गुंडाळली आणि डब्याच्या मागं खोचून ठेवली. झाकण बसवलं आणि मेन स्विच परत वर केला.

"आता ह्यो डबा काय करतो?"

अमोघला समजायला क्षणभर लागला. "काही नाही. वर बटण दाबलं की दिवा लावतो."

"म्हंजे काय झालं ते?"

"म्हणजे... दारावरची बेल."

"बेलीचं कळवावं लागतं का तुला?"

अमोघनं डब्याकडे बघितलं, स्टार्टरकडे बघितलं. "नाही. पंप हातानं चालतो, एवढंच कळवीन. खरंच आहे ते." त्यानं सॅक उचलली आणि परत खाली ठेवली. "काका, पण मग रोज तुम्हालाच यावं लागेल. दिवा दिसला की घरून इथं. चालू करा, थांबा, बंद करा. तुम्ही नाही उठलात तर वाडीला पाणी नाही. काकूंनी एवढं केलं ते यातून सुटायलाच ना?"

"व्हय. त्यासाटीच केलं तिनं."

"वायर बदलून देऊ का? पातळीचे निरोप पुन्हा येतील. दिवा पूर्वीसारखा सारखा लागेल."

भिवाजीनं यावर विचार केला. चहा होईस्तोवर दोनदा लागणारा दिवा त्याच्या डोळ्यांसमोर आला. तो परत मिळत होता. फक्त हो म्हणायचं होतं.

"नको," तो म्हणाला. "लागला का उठायचं, एवडंच असू दे. नायतर मी बघत बसंन."

अमोघ गेला. जाताना त्यानं खालच्या डब्यातला प्रोग्राम स्वतःजवळ उतरवून घेऊ का म्हणून विचारलं, आणि भिवाजी म्हणाला, घे, तुला कळतंय तर घे.

दुसऱ्या दिवशी भिवाजी नेहमीसारखा भिंतीला टेकून बसला होता. दिवा लागला. त्यानं तो बघितला. आत काहीतरी जागच्या जागी बसल्यासारखं झालं, रोज होई तसंच, आणि तो बसून राहिला. पंपाचा आवाज कसा येत नाही, हे लक्षात यायला त्याला बराच वेळ लागला. मग तो उठला. चपला जागेवर नव्हत्या. किती दिवसांत घातल्या नव्हत्या कुणास ठाऊक. काल डोंगरावर तो जुईलीनं आणलेले बूट घालून गेला होता, त्यांची नाडी आता सुटेना. शेवटी तो अनवाणीच निघाला. खडी टोचत होती. ती चांगलीच टोचत होती. पंपाशी पोचून त्यानं हिरवं बटण दाबलं, मोटर घुमली, पाइप थरथरला आणि पाणी वर जायला लागलं. भिवाजी विहिरीच्या कठड्यावर बसला. पाणी वर पोचायला किती वेळ लागतो हे तो विसरला होता. अंदाजानं बसून राहिला आणि मग बंद केलं.

दुपारी धाकलू आला. दारात उभा राहून त्यानं डोकं खाजवलं. काम सांगायचं नाही अशी तंबी होती, त्यामुळे बोलायचं कसं हे त्याला कळत नव्हतं.

"दादा, काम काय न्हाई," तो म्हणाला. "आई म्हनली, जरा बघून ये. आज पानी उशिरा आलं. म्हनली, बरं न्हाई का काय त्याला."

"बरं हाय."

"मंग सांगतो तसं."

"धाकलू," भिवाजी म्हणाला. तो फडताळाखाली वाकून हात घालून काहीतरी ओढत होता. एक चप्पल निघाली होती, दुसरी निघत नव्हती. "आईला म्हनाव, चप्पल गावंना म्हनून उशीर झाला. उद्यापासनं दारातच ठेवतो म्हनाव."